तिसऱ्यांची जागा

रविवारी दुपारी दौलतच्या घरी सगळे जमले तेव्हा कुणाचं लग्न ठरलेलं नव्हतं, की कुणी गेलेलंही नव्हतं. तरी जेवणं गप्प झाली. दौलतच्या बायकोने, सुमतीने, बोयांचं कालवण नेहमीसारखंच झणझणीत केलं होतं. पण ते बोय रसिकाने कल्याणच्या बाजारातून पिशवीत घालून आणले होते. कोलशेतात, खाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात, बाजारातला मासा शिजतो हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच बोलून दाखवायचं नव्हतं.

हौसाबाई भिंतीला टेकून, दुखरा गुडघा लांब करून बसली होती. वय सदुसष्ट. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा गेला आणि ती भावाच्या घरी परत आली ती कायमचीच. दौलतची दोन्ही मुलं, रसिका आणि सिद्धेश, तिच्या मांडीवर वाढली. पण ती या घरात कधी मिंधी राहिली नाही. ओहोटीला चिखलात उतरायचं, तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या आणि सकाळी पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायचं, असं तिने चाळीस वर्षं केलं. रसिकाच्या कॉलेजची पुस्तकं त्या पाटीतूनच आली होती, आणि हे रसिका स्वतःच्या सासरी, डोंबिवलीत, मान वर करून सांगायची.

त्या तिसऱ्यांची जागा घरातल्या एकाच बाईला माहीत असायची. हौसाबाईला ती आईने दाखवली, आईला तिच्या सासूने. पुरुषांना सांगायची नाही, कारण पुरुष चार जणांत बसले की बोलतात. वाटेत कुणी विचारलं, "मिळाल्या का गो?" तर भरलेल्या पाटीवर पदर ओढून म्हणायचं, "कुठल्या, नुसता चिखल." जागा तोंडातून बाहेर पडली की तिसऱ्या तिथून उठून जातात, असं आई सांगायची. हौसाबाईने आईचं बाकी काही ऐकलं असो वा नसो, हे मात्र आयुष्यभर पाळलं.

मग खाडीच्या काठावर 'नीलतरंग'चे चार टॉवर उभे राहिले आणि तिथल्या रहिवाशांना बोटी लावायला खासगी धक्का हवा झाला. खाडी सगळ्यांची, खांब त्यांचे. काठाने पत्रे ठोकले गेले, हौसाबाईची पायवाट बंद झाली. होडीने जायचं तर वल्हवणाऱ्याला जागा कळली असती, म्हणून चौदा महिने तिचा पाय चिखलाला लागला नव्हता. धक्क्याचा पहिला टप्पा झाला होता आणि आता दुसरा यायचा होता. तो दुप्पट लांब, आणि मोठ्या बोटींसाठी तळ आणखी उपसून. कल्याणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रसिकाने त्यावर हरकत घेतली होती, मंगळवारी तिची सुनावणी होती. दुसरा टप्पा थांबला तर जागा वाचेल, एवढी एकच गोष्ट हौसाबाईला त्या सगळ्या कागदांतून कळली होती आणि तिला तेवढी पुरत होती.

"पाहणीचा अहवाल मिळाला," रसिका फाइल उघडत म्हणाली. "माहितीच्या अधिकारात मागवलेला. पान एकतीस ऐका. 'प्रस्तावित धक्क्याच्या दोन्ही बाजूंस शिंपल्यांची वस्ती आढळली नाही. या भागात अनेक वर्षे काम करणाऱ्या स्थानिक महिलेनेही तसेच सांगितले.' संपलं. सगळी परवानगी या दोन ओळींवर उभी आहे."

"कोण ही बाई?" उत्तमने विचारलं. उत्तम दौलतचा धाकटा भाऊ, बँकेतून निवृत्त होऊन डोंबिवलीत स्थायिक झालेला. त्याचा स्वभावच असा, की घराला आग लागली तर पाणी आणायच्या आधी ती कुणी लावली याची चौकशी करायचा.

"नाव काळं करून दिलंय, काका."

"नाव कशाला हवं? पाहणीवाल्यांबरोबर होडी घेऊन कोण गेलेला ते तर माहितीये." उत्तमने मान वळवली. "काय सिद्धेशराव? पाहणीला होडी तुमचीच होती ना?"

सिद्धेश दाराशी उभा होता. धक्क्याच्या कंत्राटदाराकडे तो सुपरवायझर होता. त्या नोकरीमुळे तो या घरात आधीच अर्धा परका झाला होता.

"होडी मी नेलेली," तो म्हणाला. "त्यांना खाडी दाखवायला कोणीतरी पाहिजे होतं. तेव्हा मी कामाला पण नव्हतो तिकडे."

"मग नंतर महिन्याभरात लागलास कसा?"

"काका, प्लीज."

"प्लीज काय? उत्तम बरोबर बोलतोय," दौलत म्हणाला. "बाई कुठून उभी केलीस ते सांग. कुणाच्या तोंडात शब्द घातलेस?"

वडिलांच्या जमिनीची वाटणी झाल्यापासून अकरा वर्षांत या दोन भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. आज झालं, तेही पोराला सोलून काढण्यावर. सुमती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "जेवला नाय अजून तो. जेवू तरी द्या त्याला," ती म्हणाली, पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"बोल ना रे," रसिकाही आता चिडली. "बाई कोण ते तुला माहितीये. तू होडीत होतास. ती बाई मंगळवारी आली आणि खरं बोलली तरी खूप झालं. नाव सांग."

सिद्धेशने एकदा, अगदी एकदाच, हौसाबाईकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "मला नाही आठवत," तो म्हणाला.

हौसाबाईने लांब केलेला पाय जवळ घेतला. तोवर ती सगळं ऐकत होती ते गावातल्या कुठल्याशा बाईबद्दल. मनात तिने त्या बाईला दोन शिव्याही घातल्या होत्या. आता तिला तो दिवस दिसला. दोन वर्षांपूर्वीचा, उन्हाचा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक गोरटेली मुलगी होडीतून उतरून तिच्याकडे आली होती. घामाने भिजलेली. हौसाबाईने तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. "मावशी, इथे शिंपल्या मिळतात का?" मुलीने विचारलं होतं. त्या वेळी हौसाबाई नेमकी जागेवरच उभी होती, टाचेखाली तिसऱ्या लागत होत्या. पाटी पदराखाली होती. आणि तोंडातून जे चाळीस वर्षं येत होतं तेच आलं. मुलीने ते लिहून घेतलं, सही करता येते का विचारलं. येते म्हटल्यावर ती किती गोड हसली होती.

"किती दिवस खाल्लंस रे आत्याच्या हातचं," उत्तम म्हणत होता, "आणि तिच्याच पोटावर..."

"ती बाय मी हाय," हौसाबाई म्हणाली.

कुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग रसिकाने फाइल मिटली.

"मीच बोलले तिला, काय नाय म्हनून. सही पन माझीच. पोराला सोडा."

"ताई," दौलत म्हणाला, "असं कसं बोललीस तू?"

"मग काय सांगू? जागा सांगू? आपल्या आईनं तरी कुनाला सांगितली कं कधी? मना वाटलं ती पोर पन इचारते तशीच इचारते, सगल्या इचारतात तशी. मना काय ठावं, ते त्याच्यावर धक्का बांधतील?"  तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त सिद्धेशबद्दल वाईट वाटत होतं. इतका वेळ तो तिच्यासाठी शिव्या खात उभा होता.

उत्तमने सूर बदलायला फार वेळ घेतला नाही. "ठीक आहे. मग सोपं आहे. ताईने सांगायचं, फसवून सही घेतली. वाचता येत नाही, काय लिहिलंय ते सांगितलं नाही."

"मना वाचता येतं," हौसाबाई म्हणाली.

"मंगळवारपुरतं येत नाही."

"नाही काका," रसिका म्हणाली. "खोटं एकदा झालं तेवढं पुरे. आत्या खरं सांगेल, जागा दाखवेल. आज फोटो काढू, नमुने घेऊ. जिवंत तिसऱ्या टेबलावर ठेवल्यावर कोण नाही म्हणेल? आत्या, आज ओहोटी कितीला?"

"द्वादशी हाय. पाचला पानी पार खाली." हौसाबाई उठायलाच लागली. जागा दाखवायची म्हणजे आईचा शब्द मोडायचा, पण वाचवायची तर दुसरी वाट नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात उकळ्या फुटत होत्या. "चौदा महिनं हात नाय लागला त्याना. ह्या एवढाल्या झाल्या असतील," तिने बोटांनी माप दाखवलं.

"आत्या," सिद्धेशने विचारलं, "जागा नक्की कुठे?"

"मिठागराचा जुना बांध फुटलाय ना, त्याच्या खालच्या अंगाला. धक्क्याच्या डाव्या हाताला."

सिद्धेश दाराच्या उंबऱ्यावरच बसला. हौसाबाईला वाटलं, आपल्यावर रागावला असेल, आणि ते योग्यच होतं.

होडी त्यानेच वल्हवली. सुमती सोडून सगळे आले. उत्तमने पँट दुमडून बूट हातात धरले होते आणि तो नेहमीप्रमाणे होडीच्या मधोमध बसला. धक्का जवळ आला. चाळीसेक खांब दोन रांगांनी चिखलात रोवलेले, वर फळ्यांचा रुंद रस्ता, बसायला बाक. तीन बोटी बांधलेल्या होत्या, दोन तर प्लॅस्टिकने झाकलेल्या.

"किती वेळा निघतात ह्या?" रसिकाने विचारलं.

"महिन्यातून दोनदा. कधी तेपण नाही," सिद्धेश म्हणाला.

फळ्यांच्या सावलीत पाण्याचा रंग वेगळा दिसत होता. खांब आले तेव्हापासून पाण्याची ओढ मोडली, रसिका सांगत होती. गाळ वाहून जायचा तो आता तिथेच बसतो, आणि बोट वळली की तिच्या पंख्याने पुन्हा उडून आजूबाजूच्या सगळ्यावर पडतो. बोयांची पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात वाढायची, ते पाणीच उपसून खोल केलं. हौसाबाईने यातलं अर्धंच ऐकलं. तिचे डोळे बांधावर होते.

ती होडीतून उतरली आणि गुडघ्यापर्यंत खाली गेली. असं व्हायला नको होतं. इथे तळ टणक असायचा, घोट्याच्या वर चिखल कधी लागला नव्हता, आणि तळव्याला करकर लागायची. तिने चार पावलं डावीकडे टाकली, चार उजवीकडे. मऊ. सगळं मऊ. मग ती वाकली आणि कोपरापर्यंत हात घातला. आणखी खाली, दंडापर्यंत. बोटांना कडा लागल्या.

"हायेत!" ती ओरडली. "हायेत गो रसिका!"

मूठ भरून तिने वर काढल्या. मोठ्या होत्या, तिने माप दाखवलं होतं त्याहून मोठ्या. घट्ट मिटलेल्या आणि हाताला जड. रसिका पडत-झडत तिच्याजवळ पोचली. दौलतनेही एक उचलली. हौसाबाईने अंगठ्याच्या नखाने एक उघडली, चाळीस वर्षं उघडत होती तशी. आत काळा चिखल होता. दुसरी उघडली. तिच्यातही तेच. मांसाचा धागासुद्धा नव्हता, दोन शिंपांच्या मध्ये ठासून भरलेला चिखल आणि त्याचा कुजका वास. म्हणून जड लागत होत्या. तिने पुन्हा हात घातला, पुन्हा, पुन्हा. रसिका "पुरे, आत्या" म्हणत होती आणि ती काढतच होती.

"गाळ मी टाकायला लावला," सिद्धेश म्हणाला.

तो होडी धरून पाण्यात उभा होता. "धक्क्याखालचा तळ उपसला ना, तो गाळ. लांब न्यायचा होता. बार्जवाला कंटाळा करत होता, मला विचारलं, इथे टाकला तर चालेल का, इथे काही आहे का. मी म्हटलं, काही नाही, टाक." तो हौसाबाईकडे वळला. "आत्या, तू त्या मुलीला सांगितलेलंस. मी होडीतच होतो. मला वाटलं, तुझी जागा दुसरी कुठली तरी आहे. तू सांगितलंस म्हणजे खरंच नाही, असं वाटलं मला."

दौलतने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. कुणाला मारायचं, हे त्यालाही कळेना. हौसाबाईला वाटलं, या पोराने खोटं बोलून, पैसे खाऊन, सगळ्यांना विकून हे केलं असतं तर किती बरं झालं असतं. निदान शिव्या देता आल्या असत्या. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच. जी गोष्ट तिने आईसारखीच जीव लावून झाकून ठेवली, ती झाकली होती म्हणूनच गाडली गेली. घरातल्या एकाला जरी ठाऊक असती तरी त्याने हात आडवा घातला असता.

"मेल्या तर मेल्या," रसिका डोळे पुसत म्हणाली. "होत्या याचा तरी हा पुरावा आहे." ती पिशवीत शिंपा भरू लागली.

"बाजारातून आणून टाकल्या म्हणतील," उत्तम म्हणाला. त्याच्या आवाजात आता टोचणी नव्हती.

"मी येतो मंगळवारी," सिद्धेश म्हणाला. "सांगतो, गाळ इथे टाकला. मी टाकला."

"आणि मग?" दौलतने विचारलं. "कंत्राटदार हात वर करंल. सुपरवायझरनं परस्पर केलं म्हनंल. आत कोन जाईल?"

रसिकाने पिशवीचं तोंड बांधलं. दौलत म्हणाला ते खरंच होतं, आणि भावाला 'तरी बोल' असं तिला म्हणवलं नाही.

"तू नाय बोलाचं," हौसाबाई सिद्धेशला म्हणाली. "एक अक्षर नाय. जागा गेली, आता पोर नाय घालवाची मना." पाणी चढायला लागलं होतं. दोघा भावांनी तिला दंडाला धरून होडीत घेतलं.

मंगळवारी सुनावणीची खोली लहान निघाली. अधिकारी तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी हौसाबाईला आधी खुर्ची दिली, मग पाणी. कंपनीचा माणूस कोपऱ्यात मोबाइल बघत बसला होता, त्याला बोलायची गरजच पडली नाही. रसिकाने अर्धा तास नकाशे दाखवले, शिंपांची पिशवी टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी एक शिंप उचलून पाहिली आणि जपून परत ठेवली.

"आजी, दोन वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलंत, तिथे शिंपल्या नाहीत. ही सही तुमची?"

"माझीच."

"ते खरं होतं?"

"नाय. खोटं होतं. तवा तिथं मोजता येनार नाय एवढ्या होत्या."

"मग खोटं का सांगितलंत? कुणी दबाव आणला?"

"कुनी नाय. आमच्यात जागा सांगत नाय कुनाला. माझ्या आईनं पन नाय सांगितली कधी."

त्यांनी मान हलवली. त्यांना समजून घ्यायचं होतं, ते दिसत होतं. "मग आज का सांगताय?"

हौसाबाईने दाराकडे पाहिलं. नको म्हटलं तरी सिद्धेश आला होता, दाराबाहेर भिंतीशी उभा होता. सगळं खरं सांगायचं असं ती घरून ठरवून आली होती, पोराचं नाव सोडून सगळं.

"आता तिथं काय ऱ्हायलं नाय म्हनून," ती म्हणाली. "सगल्या मेल्या. आता झाकाचं कशाला?"

"आत्या," रसिका हळूच म्हणाली. पण तोवर लेखनिकाची बोटं चालू लागली होती.

"कशाने मेल्या, आजी?"

  दाराबाहेरच्या सिद्धेशने एक पाऊल पुढे टाकलं, हौसाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच थांबला.

"कशाने मेल्या, ते तुम्हाला माहीत आहे का?"

"मना नाय ठावं."

 अधिकाऱ्यांनी लेखनिकाला खूण केली आणि लेखनिकाने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं. "'सदर ठिकाणी आज शिंपल्यांची वस्ती नाही, असे हरकतीच्या बाजूने आलेल्या महिलेने स्वतः सांगितले. कारण तिला सांगता आले नाही.'"

"असंच बोललात ना, आजी?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करू."

तिने ते शब्द मनात एकदा फिरवून पाहिले. त्यांत चुकीचं काहीच नव्हतं.

"नाय," हौसाबाई म्हणाली. "असंच बोलले."